नाकाची साक्ष : घरातील उष्णता-पंप आणि त्याचे वास

पंचेंद्रियांपैकी डोळा आणि कान यांना जो मान मिळाला, तो नाकाच्या वाट्याला कधी आला नाही. पाहिलेली व ऐकलेली गोष्ट पुराव्यात धरली जाते. हुंगलेल्या गोष्टीची साक्ष सहसा कोणी काढीत नाही. तथापि घरोघरी नाक हाच सर्वांत जागरूक पहारेकरी असतो. ओसरीवर बसलेली आजी स्वयंपाकघराकडे वळूनही न पाहता "भात लागतोय ग" असे सांगते, आणि तिचे म्हणणे सहसा खोटे ठरत नाही. मराठी भाषेनेही या पहारेकऱ्याला शब्दांची वाण पडू दिलेली नाही. भाकरी करपली की वास करपट, जुने तेल खवट, शिळे ताक आंबूस, पावसाळ्यात न वाळलेले कपडे कुबट, मासळीचे भांडे वशट आणि टोपलीच्या तळाशी राहिलेला बटाटा कुजकट. प्रत्येक वासाला त्याचे स्वतंत्र नाव आहे, आणि नाव कळले की कारण कळते.

अशी शब्दसंपत्ती ज्या घरात रोज वापरली जाते, त्याच घरात भिंतीवरील यंत्राविषयी मात्र एकच मोघम वाक्य ऐकू येते : "एसीला कसलासा वास येतो." श्रोतेहो, या 'कसलासा' शब्दातच सगळा घोटाळा आहे. कारण त्या यंत्रातून येणारा वास कधी केवळ वर्षभराच्या धुळीचा असतो, तर कधी भिंतीआड सुरू होऊ पाहणाऱ्या आगीची ती पहिली वर्दी असते. या दोहोंतील भेद ओळखण्यास कोणी शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. स्वयंपाकघरात जे नाक आणि जे शब्द उपयोगी पडतात, तेच येथेही पुरतात.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहिले पाहिजे. पाणी स्वभावतः उंचावरून खाली वाहते. विहिरीतून ते वर आणावयाचे तर रहाट किंवा पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती ऊन जागेकडून थंड जागेकडे आपोआप जाते. उलट दिशेने न्यावयाची तर तिला ओढून न्यावे लागते. हे ओढण्याचे काम करणारे यंत्र म्हणजे उष्णता-पंप. घरातील फ्रीज हा एक उष्णता-पंपच आहे, आणि एसी हाही. उन्हाळ्यात एसी खोलीतील उष्णता बाहेर नेऊन टाकतो. त्याच यंत्रात प्रवाह उलटविणारी एक झडप बसविली की हिवाळ्यात तो बाहेरच्या गार हवेत उरलेली उष्णता गोळा करून खोलीत आणतो. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम टॉमसन यांनी अशा यंत्राची कल्पना १८५२ साली मांडली; आणि १९३८च्या सुमारास झुरिच शहराच्या नगरभवनाला जवळून वाहणाऱ्या लिम्मत नदीच्या पाण्यातील उष्णता काढून ऊब देण्यात आली. आज युरोप-अमेरिकेत घरे गरम करण्यासाठी हे यंत्र सर्रास बसवितात. आपल्याकडे ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी, जेथे जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेथे ते 'हॉट अँड कोल्ड एसी' या नावाने आले आहे. गोव्यात किंवा वडोदऱ्यास त्याचे केवळ गार करणारे भावंडच अधिक दिसते. परंतु कूळ एकच असल्यामुळे दोघांच्या खोडीही बहुतांशी एकच आहेत.

वासाच्या दृष्टीने या यंत्राचे दोन गुण ध्यानात ठेवावयाचे आहेत. पहिला हा की, यात काहीही जळत नाही. चूल, शेगडी किंवा गॅसची शेगडी यांना स्वतःचा वास असतो. या यंत्राला तो नसावा. म्हणून वास आला की तो परक्याचा आहे असे समजावे : पाण्याचा, धुळीचा, तारेचा, मोरीचा किंवा खोलीचाच. दुसरा गुण असा की, भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. अनेकांची तशी समजूत असते. परंतु तो खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा आत ओढतो व बाहेर सोडतो. त्यामुळे घरात कोठेही उत्पन्न झालेला वास यंत्राच्या तोंडून ऐकू यावा तसा येतो. सकाळच्या हिंगाची फोडणी, उदबत्तीचा धूर, नवा रंग, विडी-सिगारेट या सर्वांचा अंश आतील ओल्या नळ्यांवर बसतो आणि संध्याकाळी यंत्र सुरू होताच आंबूस होऊन परत येतो. अशा वेळी दोष यंत्राचा नसतो, कोंडलेल्या खोलीचा असतो. दिवसातून दोनदा खिडक्या उघडणे आणि स्वयंपाकघराचे दार लावून फोडणी देणे, एवढाच त्याला उतारा आहे.

वासाची तपासणी करताना एका अडचणीची जाणीव ठेवली पाहिजे. नाक हा पहारेकरी जागरूक खरा, पण तो लवकर सरावतो. एखाद्या वासात काही मिनिटे बसले की त्याची जाणीव बोथट होते. म्हणून ज्याच्या घरात वास आहे त्यालाच तो येत नाही, आणि पाहुणा मात्र उंबरठ्यावर थबकतो. याकरिता घरातील माणसाने अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून यावे, मग खोलीत शिरून पहिल्या दोन श्वासांत जे जाणवेल त्यावर विश्वास ठेवावा. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, आणि २०२० नंतरच्या करोनाच्या साथीत कित्येकांची ती काही काळ पूर्णपणे गेली होती. अशा घरांत एखाद्या लहान मुलाची साक्ष अधिक मोलाची ठरते. वास ओळखल्यावर तीन प्रश्न विचारावेत. तो केव्हा येतो, म्हणजे यंत्र सुरू होताच, अखंड, की बंद होताना? तो गार करताना येतो की ऊब देताना? आणि यंत्र बंद असतानाही तो खोलीत असतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, तर निम्मे संशोधन संपले. चोर बहुधा दुसरीकडे आहे.

आता एकेक वास घेऊ.

सर्वांत अधिक आढळणारा वास कुबट. गार करताना हवेतील बाष्प थंड नळ्यांवर दवासारखे साचते. दमट दिवसांत दीड टनी यंत्रातून तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी निघते. हे पाणी खालच्या तबकात पडून नळीवाटे बाहेर जावयास हवे. परंतु नळ्यांवर धूळ असेल, तबकात शेवाळी बुळबुळ धरली असेल, किंवा बाहेर जाणाऱ्या नळीला उतार नसेल, तर पाणी तेथेच मुरते. आणि जेथे पाणी मुरते तेथे बुरशी व सूक्ष्म जंतू घर करतात. गोव्याच्या किंवा बेळगावच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत पांढरी बुरशी येते. तीच गोष्ट या यंत्राच्या पोटात अंधारात घडत असते.

ऊब देणाऱ्या उष्णता-पंपात या कुबटपणाचा एक विशेष प्रकार आढळतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जेथे ऋतू बदलताना हे यंत्र दिवसा गार व रात्री गरम चालवितात, तेथे त्याला मळक्या मोज्यांचा वास असेच नाव पडले आहे. कारण असे की, गॅसच्या भट्टीतील ऊष्मा बराच तीव्र असतो. उष्णता-पंपाच्या नळ्या मात्र कोमट-गरम होतात. तेवढ्या उबेने जंतू मरत नाहीत, त्यांना उलट सुख लागते. गार करताना साचलेली ओल आणि नंतर मिळालेली ऊब, असा त्यांचा दुहेरी पाहुणचार होतो.

त्यावरील उपाय सोपे आहेत. विजेचे बटण बंद करून पुढील झाकण उघडावे, जाळीचा फिल्टर काढून कोमट पाण्याने व मऊ कुंच्याने धुवावा, आणि उन्हात न टाकता सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावा. नित्य वापराच्या दिवसांत हे काम पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने तरी व्हावे. वर्षातून एकदा मिस्त्रीकडून आतील नळ्या, पंखा व तबक धुवून घ्यावे. पाणी नीट वाहते की नाही हे पाहण्यासाठी त्याच वेळी तबकात पेलाभर पाणी ओतून बाहेरच्या टोकाशी ते येते काय, हे घरच्या माणसाने स्वतः पाहावे. रोज यंत्र बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे नुसता पंखा चालू ठेवला तर नळ्या कोरड्या होतात. कित्येक नव्या यंत्रांत तशी सोय मुळातच असते. एक गोष्ट मात्र करू नये. घरातील विरंजक द्रव, म्हणजे न्हाणीघर धुण्याचे ब्लीच, या नळ्यांवर ओतू नये. त्याने अॅल्युमिनियमची पत्री झिजते. आणि ते एखाद्या अम्लयुक्त द्रवात मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. कुबट वास घालविताना प्राणघातक वास उत्पन्न करणे हे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा वास करपट, आणि याच्या दोन जाती आहेत. ग्वाल्हेर-इंदुरकडे कार्तिक-मार्गशीर्षात ज्या दिवशी यंत्र प्रथम गरमीवर लावतात, त्या दिवशी धूळ भाजल्यासारखा वास येतो. काही यंत्रांत मदतीला विजेची तापणारी तारही असते. तिच्यावर उन्हाळा-पावसाळ्याची धूळ बसलेली असते. खिडकी उघडून तास-दोन तास यंत्र चालविले की तो नाहीसा होतो. भीतीचे कारण नाही.

परंतु वास तासाभराने कमी होण्याऐवजी वाढू लागला, किंवा त्यात जळक्या रबराचा, वितळलेल्या प्लास्टिकचा भाव आला, तर ती दुसरी जात होय. सैल बसलेला प्लग, यंत्राला पुरी न पडणारी बारीक तार, जळू लागलेला संधारक, अडकलेला पंखा अशी तिची कारणे असतात. दीड टनी एसीला सोळा अँपियरचे स्वतंत्र बटण व जाड तार हवी असते. तो मिक्सर-इस्त्रीसाठी आणलेल्या फळीवर जोडणे म्हणजे बैलगाडीच्या जुवाला हत्ती जुंपणे होय. या वासाला उत्तर एकच : तत्काळ मुख्य स्विच खाली पाडावा, प्लगला हात लावून ओढाताण करू नये, पाणी शिंपडू नये, आणि वीजतंत्री येऊन पाहीपर्यंत यंत्र पुन्हा लावू नये. "मघाशी वास येत होता, आता येत नाही" असे म्हणून पुन्हा बटण दाबण्याचा मोह अनेकांना होतो. तारेवरचे आवरण एकदा वितळले की ते आपोआप पूर्ववत होत नाही.

येथे वशट वासाची एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. विजेच्या उपकरणांतील काही प्रकारची प्लास्टिके व राळी तापू लागल्या की त्यांना मासळीसारखा वास येतो. अजून धूर नाही, ठिणगी नाही. पण मासे मात्र घमघमतात. शाकाहारी घरात असा वास आला तर सारे चकित होऊन शोधास लागतात. उलट गोव्यात किंवा कारवारकडे त्याची कोणी दखल घेत नाही. दुपारच्या बांगड्यांवर आळ घालून सारे मोकळे होतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत आहे. म्हणून ज्या घरात मासळी नित्याची आहे, तेथे मनाशी एक नियम बांधावा : स्वयंपाकघर धुतल्यावर, कचरा टाकून आल्यावरही निजण्याच्या खोलीत वशट वास राहिला, तर प्लग, बटण आणि यंत्र यांची तपासणी केल्यावाचून झोपू नये.

तिसरा वास कुजकट. त्यातही तीन प्रकार आहेत. सडलेल्या मांसासारखा, दोन दिवस वाढत जाणारा वास असेल तर यंत्राच्या पोटात पाल, उंदीर किंवा चिचुंद्री मेली आहे असे समजावे. भिंतीतून नळ्या बाहेर जातात त्या भोकाची लांबी भरलेली नसली की हे पाहुणे त्याच वाटेने येतात. मेलेला जीव काढून, आतील भाग धुऊन भोक बुजविले की प्रकरण मिटते.

मोरीसारखा वास येत असेल तर पाण्याच्या नळीचे दुसरे टोक कोठे सोडले आहे ते पाहावे. पुष्कळदा ते सरळ सांडपाण्याच्या नळात खुपसलेले असते. उन्हाळ्यात नळीच्या वळणात पाणी उभे राहून गटाराची हवा अडविते; पण हिवाळ्यात यंत्र ऊब देऊ लागले की आतील भागात पाणी साचणेच थांबते. ते वळण कोरडे पडते, आणि गटाराच्या हवेला खोलीपर्यंत राजमार्ग मिळतो. 'फक्त हिवाळ्यात मोरीचा वास' या कोड्याचे उत्तर बहुधा येथे असते. त्या वळणात पाणी ओतल्याने तात्पुरते काम भागते. नळी गटारातून काढून मोकळ्या जागी सोडणे हा कायमचा उपाय होय.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. सडक्या अंड्यांसारखा किंवा कुजलेल्या कोबीसारखा उग्र वास एकाएकी खोलीत भरला, तर तो स्वयंपाकाच्या गॅसचा असू शकतो. यंत्राचा पंखा तो आपल्या वाऱ्यावर खोलीत फिरवतो म्हणून संशय यंत्रावर जातो. मुळात या गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मर्केप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. असे का करावे लागले, यामागे एक दारुण घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेखाली गळून साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. शाळा सुटण्यास थोडाच अवकाश होता. सुमारे ३०० जीव गेले, आणि त्यांत बहुतेक मुले होती. तो वायू गंधहीन होता. शेकडो मुले आणि त्यांचे शिक्षक दिवसभर त्या इमारतीत वावरत होते; पण पायाखाली काय साचले आहे याची सूचना त्यांपैकी एकाच्याही नाकाला मिळू शकली नाही. त्यानंतर टेक्सासने त्याच वर्षी वायूत दुर्गंध मिसळण्याचा कायदा केला, आणि ती प्रथा पुढे सर्वत्र पसरली. आज सिलिंडर गळू लागताच जो वास नाक मुरडावयास लावतो, त्यामागे त्या मुलांचे मरण आहे. त्या वासाची उपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणूनच येथे एक भेद पक्का पाठ केला पाहिजे. करपट आणि वशट वासाला पहिले उत्तर म्हणजे बटण बंद करणे. गॅसच्या वासाला पहिले उत्तर म्हणजे बटणाला हात न लावणे. दिवा लावू नये, लागलेला विझवूही नये, एसीसुद्धा जसा असेल तसा राहू द्यावा. कारण बटण पाडताना उडणारी बारीक ठिणगी पुरेशी असते. हाताने दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे, आणि बाहेर गेल्यावर दूरध्वनीने १९०६ या क्रमांकावर वर्दी द्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. खालची दारे उघडणे म्हणून विशेष महत्त्वाचे. एकाच घरात दोन वास, आणि दोहोंची आज्ञा परस्परविरुद्ध! 'कसलासा वास' म्हणून भागणार नाही, ते याचसाठी.

आता ज्यांना वास नसतो, किंवा असून नसल्यासारखा असतो, त्यांच्याकडे वळू. या यंत्रांच्या बंद नळ्यांत जो द्रव-वायू फिरतो, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आरंभीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू वापरीत; पहिले दोन नाक जाळणारे, आणि तिन्ही विषारी. बर्लिनमधील एक कुटुंब असा वायू गळून मेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्यासह गळू न शकणाऱ्या फ्रीजच्या शोधात काही वर्षे घालविली, असे सांगतात. पुढे टॉमस मिजली यांनी फ्रिऑन शोधून काढला, आणि १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो स्वतः हुंगून त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. ना विषार, ना ज्वाला, ना उग्र वास! जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी दाखवून दिले की, असेच वायू आकाशात उंच जाऊन पृथ्वीच्या ओझोनच्या छत्राला भोके पाडू शकतात; आणि १९८७च्या माँट्रियल करारान्वये ते टप्प्याटप्प्याने बंद करावे लागले. गंध नाही म्हणून दोष नाही, हा समज असा महागात पडला.

आजच्या नव्या यंत्रांत आर-३२ नावाचा वायू पुष्कळदा असतो, तर काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन. पहिला थोडासा आणि दुसरा चांगलाच ज्वालाग्राही आहे. पण दोघांचाही वास भरवशाचा नाही. कोणाला गळतीच्या वेळी गोडसर, ईथरसारखा वास जाणवतो, कोणाला काहीच नाही. म्हणून येथे नाकाऐवजी डोळा आणि कान यांची साक्ष काढावी. गारवा किंवा ऊब कमी होणे, नळ्यांवर बर्फ धरणे, सांध्याशी तेलकट डाग, बारीक फुसफुस ही गळतीची लक्षणे होत. "गॅस संपला, भरून देतो" असे कोणी म्हणाले, तर त्याला थांबवून विचारावे की, बंद नळ्यांतील वायू संपला कसा? तो खर्च होत नाही. कमी झाला तर कोठून तरी गळला आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. दुरुस्ती चालू असता खोलीत हवा खेळती असावी, आणि घरातील देव्हाऱ्याचे निरांजनसुद्धा तेवढा वेळ विझलेले असावे. असला वायू ज्वालेवर किंवा लाल तापलेल्या वस्तूवर गेला आणि घसा-डोळे झोंबणारा तिखट वास आला, तर क्षणभरही न थांबता खोली सोडावी.

याच वर्गातील दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, गंध नाही, आणि तो जीव घेतो. उष्णता-पंपात तो निर्माणच होत नाही, कारण तेथे काही जळत नाही. हा या यंत्राचा फार मोठा गुण आहे. पण यंत्राला कुबट वास येतो म्हणून ते बंद करावे आणि थंडीसाठी कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, असे उत्तरेकडील हिवाळ्यात घडते. वास असलेल्या निरुपद्रवी गोष्टीला भिऊन वास नसलेल्या घातक गोष्टीला कवटाळण्याचा हा प्रकार दरवर्षी कोठे ना कोठे बळी घेतो. बंद खोलीत निखारे कधीही ठेवू नयेत.

उलट, दिसावयास भयंकर पण मुळात निर्दोष अशीही एक गोष्ट आहे. कडाक्याच्या सकाळी बाहेरच्या यंत्रातून एकाएकी पांढरा लोट निघतो, आणि शेजारी धावत येतात. थंडीत बाहेरच्या नळ्यांवर हिमाचा थर जमतो. तो वितळविण्यासाठी यंत्र काही मिनिटे आपला प्रवाह उलटविते, आणि तेव्हा वाफ उठते. या लोटाला वास नसतो. धूर असता तर नाकाने सांगितलेच असते. येथे डोळा फसतो आणि नाक खरे बोलते.

शेवटी, घरोघरी केल्या जाणाऱ्या एका उपचाराविषयी. वास आला की उदबत्ती लावणे, कापराच्या वड्या ठेवणे, किंवा यंत्राच्या तोंडाशी अत्तराचा फवारा मारणे. सुगंध ही प्रसन्न गोष्ट आहे. पण येथे ती पहारेकऱ्याला अफू चारण्यासारखी ठरते. कुबट वासावर मोगरा शिंपडला तर बुरशी तेथेच राहते. करपट वासावर शिंपडला तर कदाचित आगच तेथे राहते. शिवाय फवाऱ्यांतील द्रव्य बहुधा ज्वालाग्राही असते, ते निराळेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही तऱ्हा सोडून दिली पाहिजे.

मिस्त्रीला बोलावताना त्याला वास, वेळ आणि ऋतू या तिन्ही गोष्टी नेमक्या शब्दांत सांगाव्यात. "गरमीवर लावल्यावर, पहिल्या दहा मिनिटांत, मोरीसारखा" असे जो सांगतो, त्याचे निम्मे काम फुकट होते. "कसलासा" म्हणणाऱ्याकडून नवीन यंत्राचीही किंमत वसूल होऊ शकते. वैद्याला नाडी दाखवितो त्याच सरळपणाने ही हकीकत द्यावी. घरातील मुलांनाही हे शब्द शिकवावेत. कुबट म्हणजे धुवा, करपट आणि वशट म्हणजे बटण पाडा, अंड्यासारखा उग्र म्हणजे बटणाला शिवू नका व बाहेर पळा. इतके तर चौथीतील मुलगाही पाठ करू शकेल. पाढ्यांइतकेच ते त्याच्या जन्मभर उपयोगी पडेल.

विज्ञानाने घरात आणलेले प्रत्येक नवे यंत्र आपल्याबरोबर नवी सुखे आणते आणि नव्या सावधगिरीची मागणी करते. ही मागणी पुरी करण्याचे साधन निसर्गाने प्रत्येकाला जन्मतःच दिले आहे, आणि त्याला लागणारे शब्द मायबोलीने केव्हाच घडवून ठेवले आहेत. त्या शब्दांचा नेमका उपयोग करणे, एवढेच काय ते गृहस्थाच्या आणि गृहिणीच्या हाती उरते.